पिल्लू निम्मं झालं की

१

दर रविवारी सकाळी, चहाचे कप सिंकमध्ये पडले की मी झाडाचं पाणी बदलायची. ब्रोमेलियाडला पाणी मातीत घालत नाहीत. अननसाच्या कुळातलं झाड आहे ते. पानं बुडाशी एकमेकांना घट्ट बिलगतात आणि मधोमध पेला तयार होतो, त्या पेल्यात पाणी ठेवायचं. आठवड्यानं झाड सिंकवर तिरकं धरून जुनं पाणी ओतून द्यायचं आणि फिल्टरचं ताजं भरायचं. पाच मिनिटांचं काम. मला ते आवडायचं, कारण घरातल्या बाकी कुठल्याच कामाला इतका स्पष्ट शेवट नसतो.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. एखादी गोष्ट तीनदा तशीच घडल्याशिवाय मी ती घडली असं म्हणत नाही. केदार, माझा नवरा, याला खडूसपणा म्हणतो. असेलही. पण सांगायचा मुद्दा असा, की मी सहज विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही.

झाड आलं वीणाकाकूंच्या हळदीकुंकवातून. काकू इथे परदेशात, पार्सिपनी गावात पस्तीस वर्षं राहिलेल्या. इथल्या कितीतरी जणींना बाळंतपणात डिंकाचे लाडू त्यांनीच पोचवलेले. संक्रांतीचं हळदीकुंकू इथे सोयीनं शनिवारी होतं. बाहेर बर्फ, गराजमध्ये बुटांचा ढीग, आणि आत पैठण्या. वाण म्हणून आम्ही सगळ्या जणी तेच ते लुटतो, प्लास्टिकचे डबे नाहीतर स्टीलच्या वाट्या. काकूंनीही त्या वर्षी सगळ्यांना वाट्याच दिल्या. मला मात्र झाड दिलं. लांब, चकचकीत पानं आणि मधून वर आलेला लालभडक तुरा.

"पदर पुढे कर," काकू म्हणाल्या. वाण पदरात घ्यायचं असतं आणि नको म्हणायचं नसतं, हे मला वर्ध्याला आईनं शिकवलेलं. मी घेतलं.

हे एकदाच फुलतं, असं त्यांनी सांगितलं. फुलल्यावर आई हळूहळू वाळत जाते, पण जायच्या आधी कुशीत पिल्लू सोडते. "पिल्लू आईच्या निम्मं झालं की धारदार सुरीनं वेगळं करायचं. आधी केलंस तर ते जगत नाही. उशीर केलास तर वेगळं करायला कोणी उरत नाही."

काकू फार वाळल्या होत्या. साडी कमरेला दोनदा खोचलेली दिसत होती. त्यांची मुलगी नैना गुलाबपाणी शिंपडत फिरत होती, इथेच जन्मलेली, तिशीची, आणि मराठी अशी बोलत होती की आमच्यातल्या निम्म्या जणींना लाज वाटावी. मी काकूंना म्हटलं, माझी केया आठ वर्षांची आहे, मराठीत रागावलं तरी उत्तर इंग्रजीत देते, तुम्ही काय जादू केलीत? काकू हसल्या नाहीत.

"जादू कसली गं," त्या म्हणाल्या. "होतं नव्हतं ते देऊन टाकलं."

२

तुरा एप्रिलपर्यंत टिकला, मग तपकिरी झाला. मी तो कापून टाकला. मे महिन्यात एका रविवारी केयाला खालच्या दोन पानांच्या बेचक्यात बोटाच्या पेराएवढं हिरवं टोक दिसलं.

"मम्मा, लुक! इट हॅड अ बेबी."

त्या दिवसापासून झाड तिचं झालं. शाळेची पट्टी घेऊन ती दर रविवारी आधी आईला मोजायची, मग पिल्लाला, आणि आकडे फ्रिजवरच्या कागदावर लिहायची. आई सोळा इंच, पिल्लू एक इंच. मोजायचा नादच लागला तिला. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर केदार तिच्या वाढदिवसाला पेन्सिलीनं तिची उंची मांडतो. त्या मे महिन्यात तिनं हट्टानं मलाही तिथे उभं केलं. पाच फूट तीन इंच. माझ्या रेघेपुढे तिनं हसरा चेहरा काढला.

जूनमध्ये एका रविवारी मी झाड सिंकवर तिरकं करत होते, तेव्हा मागून आवाज आला.

"आई, आज पाणी नको बदलूस. ते आत्ता कुठे प्यायला लागलंय."

मी वळून बघितलं. दारात केया. तिनं मला जन्मात आई म्हटलं नव्हतं, मी मम्मा होते. आणि 'नको बदलूस' हे असलं तिला कोणी शिकवलं? शनिवारच्या मराठी शाळेत ती तीन वर्षं रडतखडत 'माझे नाव केया आहे' इथपर्यंत पोचली होती.

आनंदानं मला काय करावं सुचेना. केदारनं व्हिडिओ काढला. वर्ध्याला आईला फोन लावला, तर आई पदरानं डोळे पुसायला लागली. संध्याकाळपर्यंत केया सतरा वाक्यं मराठीत बोलली. मी मोजली. तीनदाचा माझा नियम कधीच पार झाला होता, तेव्हा मी ते खरं धरलं आणि देवाला साखर ठेवली.

३

जुलैत तिला पोहण्याच्या क्लासहून घरी आणत होते. मागच्या सीटवर ओल्या केसांनी बसून ती बडबडत होती. अंगणातला हौद, त्यावरचं पत्र्याचं झाकण, दुपारी झाकण तापलं की त्यावर ठेवलेले पापड. हे सगळं वर्ध्याच्या आमच्या घराचं होतं. ते घर तिच्या जन्माआधी विकून आई वर्ध्यातच फ्लॅटमध्ये गेली. मी मनाशी म्हटलं, झोपवताना कधीतरी सांगितलं असेल. मला सांगितल्याचं आठवत नव्हतं, पण दमलेली आई काय काय बोलते याची नोंद कुठे असते?

मग ती म्हणाली, "बाबांचं घड्याळ मीच हौदात पाडलं होतं. पाण्यात टिकटिक ऐकू येते का ते बघायला."

मी गाडी समोरच्या डोनटच्या दुकानाच्या पार्किंगमध्ये घेतली. इंजिन बंद केलं.

केया केदारला डॅडी म्हणते. बाबा म्हणजे माझे बाबा. मी नऊ वर्षांची असताना त्यांचं चावीचं घड्याळ हौदात पाडलं आणि कोणाला सांगितलं नाही. बाबांनी अकरा दिवस घर उलथंपालथं केलं. आळ आला सुमनबाईंवर. त्या आमच्याकडे भांडी घासायच्या. त्या काम सोडून गेल्या. बाबा गेले तेव्हाही मी ते सांगितलं नाही. केदारला माहीत नाही. आईला माहीत नाही.

"हे तुला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"कोणी म्हणजे? मला आठवतंय," केया म्हणाली. "सुमनबाई फाटकातून जाताना मागे वळून माझ्याकडे बघत होत्या. त्यांना कळलं होतं."

मी डोळे मिटून ते फाटक आठवायचा प्रयत्न केला. तीस वर्षं मला छळणारं ते दृश्य. फाटक काही दिसेना. सुमनबाई गेल्या हे मला माहीत होतं, भूगोलातली राजधानी माहीत असावी तसं. पण त्यांचा चेहरा नव्हता. घड्याळाची तबकडी काळी की पांढरी, तेही सांगता येईना. शेवटी मी माझ्या आठ वर्षांच्या मुलीला विचारलं, कसलं होतं गं ते घड्याळ?

"पांढरं. काचेला कडेला तडा होता," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत डोनट मागायला लागली.

४

ऑगस्टपासून मला तहान लागायला लागली. साधी नाही. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून मी काम करते, तिथे पाण्याच्या दोन बाटल्या भरून ठेवायची, त्या अकरा वाजेपर्यंत संपायच्या आणि तोंड कोरडंच. तळहाताची कातडी कागदासारखी झाली. रक्त तपासलं. साखर ठीक, थायरॉइड ठीक, फक्त व्हिटॅमिन डी कमी. केदार म्हणाला, ते तर आपल्या सगळ्यांचंच कमी असतं यार, गोळ्या घे.

आणि तो आवाज. दुपारी दोनच्या सुमाराला घर शांत असतं. केया उन्हाळी शिबिराला, केदार ऑफिसात, हीटिंग बंद. मीटिंग संपवून मी हेडफोन काढला की खिडकीकडून यायचा. एक घुटका. लहान मूल बाटलीतून दूध पिताना घेतं तेवढाच. पहिल्यांदा वाटलं, पेल्यात हवेचा बुडबुडा असेल. पानांच्या बुडाशी हवा अडकते, सुटते, आवाज होतो. मी खुर्ची झाडाजवळ नेऊन बसले आणि फोनवर वेळ लावली. सात मिनिटांनी पुन्हा. मग पुन्हा सात मिनिटांनी. बुडबुड्याला घड्याळ कळत नाही.

फ्रिजवरच्या कागदावर आई आता साडेतेरा इंच होती. खालची पानं टोकांकडून पिवळी पडून गळली होती. पिल्लू पाच इंच, हिरवंगार, मधे स्वतःचा छोटा पेला धरलेलं.

सप्टेंबरच्या सुरुवातीला, लेबर डेच्या सुट्टीत केयानं मला पुन्हा दाराच्या चौकटीशी उभं केलं. डोक्यावर पुस्तक ठेवलं आणि रेघ मारली. मी वळून बघितलं. नवी रेघ हसऱ्या चेहऱ्याच्या दोन बोटं खाली होती. पुस्तक तिरकं धरलं असशील, मी म्हटलं. पुन्हा मोजलं. मे महिन्यात मी चपला घातल्या असतील, म्हटलं. तिसऱ्यांदा केदारला मोजायला लावलं, टाचा भिंतीला टेकवून. पाच फूट सव्वा इंच. तो म्हणाला, तू पहिल्यापासून बुटकीच आहेस. मग त्यानं केयाला हाक मारून विचारलं, पोळीचा तवा कुठे ठेवलाय गं?

"ओव्हनच्या खालच्या ड्रॉवरमध्ये," केया म्हणाली.

तवा मी ठेवला होता. तो कुठे ठेवलाय हे मलाही आठवलं नसतं. मला रडू आलं आणि मी बाथरूममध्ये जाऊन नळाला तोंड लावून पाणी प्यायले.

५

ऑक्टोबरमध्ये एका बुधवारी दुपारी मी वीणाकाकूंकडे गेले. फोन न करता कोणाकडे जाण्याची इथे रीत नाही, पण काकू दोन महिने फोन उचलत नव्हत्या. दार नैनानं उघडलं. काकूंच्या बांगड्या तिच्या हातात होत्या, काकूंचा चष्मा साखळीनं गळ्यात.

"ये गं, बस. किती वाळलीस," ती मला म्हणाली. माझ्याहून आठ वर्षांनी लहान मुलगी.

हॉलमध्ये एक फोटो होता. पाचेक वर्षांची मुलगी, पुढचे दोन दात पडलेले, फोटोला चंदनाचा हार. इतक्या वर्षांत मी तो पाहिला असेल, विचारलं कधी नव्हतं. आज विचारलं.

"इशिता. माझी धाकटी," नैना म्हणाली. मग तिनं दुरुस्त केलं. "धाकटी बहीण. तिचं पिल्लू आईनं तीन इंचांवरच कापलं. घाबरली होती बिचारी. मग माझ्या वेळी तिनं सुरीला हातच लावला नाही."

काकू कुठे आहेत, असं मी विचारलं. आत सनरूममध्ये, ती म्हणाली.

सनरूममध्ये पाऊल टाकलं आणि माझ्या चष्म्यावर वाफ धरली. चारी बाजूंना काच, हवा दमट ठेवणारे दोन ह्युमिडिफायर चालू, आणि फळ्यांवर कुंड्यांच्या रांगा. कोपऱ्यात लहान मुलांची लाकडी खुर्ची होती, तिच्यावर घडी केलेली शाल. मी काकूंना शोधत होते. नैनानं लांब चोचीची झारी उचलली आणि खुर्चीशेजारच्या जुन्या, जवळजवळ वाळलेल्या झाडाच्या पेल्यात पाणी ओतलं.

घुटक्याचा आवाज खुर्चीवरून आला.

शाल हलली. शालीच्या कडेखाली दोन पाय दिसले, पायांत काकूंची जोडवी, दोऱ्यानं बांधून घट्ट केलेली. पाय जमिनीला टेकत नव्हते. मी तेवढंच बघितलं. शालीच्या वरच्या टोकाकडे मी बघितलं नाही. बघायला हवं होतं, असं आता वाटतं, पण तेव्हा मी दाराची कडी शोधत होते.

नैना गाडीपर्यंत सोडायला आली.  झाड मलाच का दिलंत, एवढंच मी विचारलं.

"तू मागितलंस ना," ती म्हणाली. "मुलीनं आपलं सगळं घ्यावं असं वाटतं म्हणालीस. वाट्या मागणाऱ्यांना आई वाट्या देते."

मी असं म्हणाले नव्हते. मी फक्त मराठीबद्दल बोलले होते. ड्राइव्ह करताना मी ते वाक्य पुन्हा पुन्हा आठवून बघितलं, आणि नेमके शब्द काही आठवले नाहीत.

६

झाड बाहेर फेकून द्यावं, हा विचार पहिला आला. मग आठवली चंदनाच्या हारातली ती मुलगी. पिल्लाला काही झालं तर केयाला होईल. काही केलं नाही तर मी त्या खुर्चीवर जाईन. मधला रस्ता काकूंनी स्वतःच सांगितला होता, वेळेवर कापायचं. दोघी वाचतील असा एकच क्षण होता, आणि तो मला चुकवून चालणार नव्हतं.

निम्मं. दिवाळीनंतरच्या रविवारी मी फ्रिजवरचा कागद काढून टेबलावर घेतला. मे महिन्यात आई सोळा इंच होती. आज बारा. पिल्लू साडेसहा. बाराच्या निम्मं म्हणजे सहा, तेव्हा वेळ उलटून चालली होती. सोळाच्या निम्मं म्हणजे आठ, तेव्हा अजून दीड इंच बाकी होतं. निम्मं म्हणजे कधीच्या आईच्या निम्मं? ऑफिसात असं अर्धवट लिहिलेलं काही आलं तर मी परत पाठवते. इथे कोणाकडे पाठवणार? नैनाला फोन केला. तिला हेच विचारलं.

"आईलाही हेच कळलं नव्हतं," ती म्हणाली. "दोन्ही वेळा."

बायका अशा वेळी मनाचा कौल घेतात. मी आकड्यांचा घेतला. झाड आज आहे तेवढं आहे, आजच्या आईच्या निम्मं पिल्लू झालंय, कापायचं. केदार किराणा आणायला गेला होता. शेजारच्या खोलीत केया मराठी मंडळाच्या कार्यक्रमाचं भाषण पाठ करत होती, खणखणीत आवाजात, एक अक्षर न अडखळता. मी सुरी स्पिरिटनं पुसली. झाड कुंडीतून काढून वर्तमानपत्रावर आडवं केलं. आई आणि पिल्लाच्या मधला सांधा अंगठ्याएवढा जाड होता. त्यावर पातं टेकवलं आणि दाबलं.

सुरी पाव इंच आत गेली आणि भाषण वाक्याच्या मध्येच थांबलं.

मी हाक मारली. पुन्हा मारली. मी धावले. केया खोलीच्या मधोमध उभी होती, एक हात उजव्या कुशीवर दाबलेला, चेहरा पांढराफटक. ओठ हलत होते. खूप दिवसांत न ऐकलेल्या आवाजात ती म्हणाली, "मम्मा, इट हर्ट्स."

ती माझी केया होती. पाच महिने जिचं मराठी ऐकून मी खूश होत होते ती नव्हे, माझी. मम्मा म्हणणारी. मी तिला पलंगावर निजवलं, परत टेबलाशी आले, आणि सुरी काढली. सांध्याला पडलेल्या चिरेतून पाणी पाझरत होतं. मी काय केलं असेल? मसाल्याचा डबा उघडला आणि चिमूटभर हळद त्या चिरेत दाबली. मूल गुडघा फोडून आलं की आपण करतो तेच. दोन्ही बाजू घट्ट धरून वर दोरा बांधला.

शेजारच्या खोलीत भाषण पुढच्या शब्दापासून सुरू झालं.

संध्याकाळी तिला अंघोळ घालताना टीशर्ट काढला. उजव्या कुशीवर, कमरेच्या जरा वर, एक आडवी रेघ होती, पाव इंच रुंद. रेघेत हळद भरलेली. मी साबणानं घासली. ती निघाली नाही.

"राहू दे आई," केया म्हणाली. "लवकर बरं वाटतं त्यानं."

७

त्यानंतर मी सुरीला हात लावला नाही. आठ इंचांचा रविवार आला तेव्हा मी उठलेच नाही. उशी तोंडावर घेऊन पडून राहिले. घाबरले होते. एकदा तिचा तो चेहरा पाहिल्यावर पुन्हा पातं टेकवणारी आई मला अजून भेटायची आहे. केयाला काही होणार नाही, हे मला तेव्हा पुरेसं वाटलं, आणि आजही वाटतं.

हे सगळं मी वहीत लिहून ठेवायला घेतलं, कारण माझ्याकडून गोष्टी जायला लागल्या होत्या. आता पुन्हा संक्रांत आली आहे. बाहेर बर्फ पडतोय. केदारनं स्वयंपाकघरात दोन पायऱ्यांचं स्टूल आणलं आहे, मला फळीवरचं काढता यावं म्हणून, आणि तो म्हणतो की ते पहिल्यापासून होतं. तो खोटं बोलत नाही. त्याला खरंच तसं वाटतं.

वही वाचताना घड्याळाशी थांबले. मी बाबांचं घड्याळ हौदात पाडलं असं तिथे लिहिलं आहे. अक्षर माझं आहे, तेव्हा खरं असणार. मला असलं काही घड्याळ आठवत नाही. मनावर ओझंही नाही. सुमनबाई कोण, हे मी केयाला विचारलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नऊ वर्षांची पोर, आणि ते ओझं आता तिच्याकडे. माझं मराठी, माझं घर, तवा, हौद, सगळं तिनं घ्यावं, हे मला चाललं असतं. हे तरी माझ्यापाशी राहायला हवं होतं. तेवढ्यासाठी मी उठले.

आज रविवार. केदार बाहेर बर्फ उपसतोय. मी स्टुलावर चढून वरच्या फळीवरची सुरी काढली. झाड खिडकीत आहे. पिल्लू अकरा इंच, चकचकीत. त्याच्या शेजारी आई, तीन पानं उरलेली, त्यांतलंही एक पिवळं. सांध्यावरचा दोरा पिल्लाच्या अंगात रुतून दिसेनासा झाला आहे. कुठे कापायचं ते कळेना. कोण कुठे संपतं, ते दिसतच नव्हतं. सुरी जड होती आणि माझ्या मनगटात जोर नव्हता.

मागून केया आली. तिनं माझ्या हातावर हात ठेवला. तिचा हात माझ्यापेक्षा मोठा आहे.

"दे इकडे," ती मायेनं म्हणाली. "कापेल ना तुला."

मी दिली. तिनं सुरी वर ठेवली, तिला स्टूल लागलं नाही. मग तिनं मला खिडकीजवळच्या खुर्चीवर बसवलं आणि गुडघ्यांवर शाल घातली. मी म्हटलं, केया, ते घड्याळाचं मला परत दे. तेवढं एकच दे. तिनं नकारार्थी मान हलवली. तिला औषध पाजताना मीही अशीच मान हलवायची, असं मला वाटतं.

"नको आई. त्याचा फार त्रास होतो," ती म्हणाली.

सकाळपासून माझी जीभ टाळूला चिकटली होती. केयानं फिल्टरचं पाणी झारीत भरलं, झाडाच्या मधोमध, त्या तीन पानांच्या पेल्यात हळूहळू ओतलं, आणि मी घुटका घेतला.